निळ्या स्क्रीनवरचा फॉक्सप्रो क्लाउडवर न्यायचा म्हणजे नेमकं काय न्यायचं?

तालुक्याच्या गावातली कुठलीही पंचवीस-तीस वर्षं जुनी पतसंस्था घ्या, किंवा मार्केट यार्डातला एखादा अडत्या, किंवा साखर कारखान्याचं ऊसबिलाचं खातं. काउंटरमागे निळी स्क्रीन, त्यावर पांढरी-पिवळी अक्षरं, माऊसला काही काम नाही, सगळं एंटर आणि फंक्शन कीवर, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतोय आणि क्लार्क मॅडम तुमचा खातेनंबर टाकून पापणी लवायच्या आत शिल्लक सांगतात. नव्वदच्या दशकात कुणीतरी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेलं सॉफ्टवेअर, ते आजही चालतंय. लिहिणारा माणूस कधीच पुण्याला नाहीतर अमेरिकेला गेला, सोर्स कोड कुठल्या फ्लॉपीत होता देव जाणे, पण सॉफ्टवेअर चालतंय. याला आयटीवाले लेगसी म्हणतात. माझ्या मते लेगसी म्हणजे जुनं नव्हे, तर ज्याला हात लावायला सगळे घाबरतात ते.

मग चालतंय तर चालू द्या की, कशाला उगाच खाज? हा प्रश्न संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये हमखास येतो आणि तो काही मूर्ख प्रश्न नाहीये. पण आता गोष्टी खरंच गळ्याशी आल्यात. मायक्रोसॉफ्टनं मार्च २००७ मध्येच सांगून टाकलं होतं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला सपोर्टही संपला. पण ज्यांचं त्याच्याही आधीचं, विंडोजपूर्वीच्या डॉसवर चालणारं फॉक्सप्रो आहे त्यांची अडचण वेगळीच. डॉसचे प्रोग्राम १६ बिटचे, ते ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत, म्हणून लोक ३२ बिट विंडोज धरून बसले होते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला. म्हणजे आता एकतर सिक्युरिटी अपडेट नसलेलं मशीन वापरा किंवा डॉसबॉक्ससारखा, नव्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा जुगाड करा ज्यात प्रिंटर कधी रुसेल सांगता येत नाही.

त्यात फॉक्सप्रोच्या स्वतःच्या मर्यादा. एका टेबलची फाइल २ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. एंट्री चालू असताना लाईट गेली आणि यूपीएसनं दगा दिला की इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची, बिघडतो, मग सकाळी शाखा उघडायच्या आधी रीइंडेक्स मारत बसा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीबीएफ फाइल, म्हणजे फॉक्सप्रोचं टेबल जिच्यात असतं ती, कुणालाही उघडता येते, सॉफ्टवेअरला बाजूला ठेवून थेट टेबल उघडायचं, आकडा बदलायचा, बंद करायचं, कुठे नोंद नाही की कुणी केलं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा झालाय. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, कंपनी कायद्याखाली नाही, त्यामुळे तो नियम त्यांना जसाच्या तसा लागू नाही, पण ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेत हा प्रश्न ऑडिटर आज ना उद्या विचारणारच.

आणि हे फक्त आपल्याकडचंच आहे असं समजू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरनी, फिल मर्फींनी, पत्रकार परिषदेत चक्क कोबोल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक दिली होती. कोविडमुळे बेरोजगार भत्त्याचे अर्ज धबाधबा आले आणि त्यांच्या कामाच्या सिस्टिम चाळीस-चाळीस वर्षं जुन्या. कोबोल ही भाषा १९५९-६० ची. तेव्हा आपला फॉक्सप्रो त्या मानानं तरुणच म्हणायचा.

आता क्लाउड म्हणजे काय ते एकदा उरकून घेऊ, कारण या शब्दाभोवती फार धूर केला जातो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले कॉम्प्युटर भाड्यानं घेणं. तासावर भाडं, हवं तेव्हा वाढवा, नको तेव्हा परत करा, वीज, एसी, हार्डडिस्क मेली तर बदलणं हे सगळं घरमालकाकडे. ॲमेझॉनची डेटा सेंटर मुंबईत २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टनं तर २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नईला सुरू केली होती, गुगल २०१७ ला मुंबईत आलं. तर "आमचा डेटा परदेशात जाईल" ही भीती आता तेवढी खरी नाही, पण नोंदणी करताना कुठलं ठिकाण निवडलंय हे स्वतः बघा आणि बॅकअपचंही ठिकाण बघा, कारण मूळ डेटा मुंबईत आणि बॅकअप सिंगापूरला असंही सेटिंग चुकून होऊ शकतं.

इथे एक सावध करायचंय. बाजारात "तुमचं सॉफ्टवेअर क्लाउडवर करून देतो" म्हणणारे बरेच जण नेमकं काय करतात माहितीये का? भाड्यानं एक विंडोज सर्व्हर घेतात, तुमचं तेच फॉक्सप्रो त्यावर टाकतात, आणि शाखांना रिमोट डेस्कटॉपचा आयकॉन देतात. झालं क्लाउड. निळी स्क्रीन तीच, फक्त आता मुंबईहून येते.

यामागे एक तांत्रिक कारणही आहे. फॉक्सप्रोमध्ये डेटाबेस सर्व्हर असा काही प्रकारच नसतो, डीबीएफ ही नुसती फाइल असते आणि शोधाशोधीचं सगळं काम क्लार्कच्या मशीनवर होतं. शाखेत लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत नेटवर्कवर, फाइल शेजारच्याच खोलीत असते म्हणून चालून जातं. तीच फाइल क्लाउडवर ठेवून शाखेतून उघडली तर एक खातं शोधायला इंडेक्सचे ढीगभर तुकडे इंटरनेटवरून खेचावे लागतात, त्यात मधेच लाईन तुटली की फाइल बिघडली. म्हणून मग प्रोग्राम आणि फाइल दोन्ही तिकडेच ठेवून फक्त चित्र इकडे पाठवायचं, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. तात्पुरता उपाय म्हणून मी याला नावं ठेवणार नाही, शाखेतलं मशीन चोरीला गेलं किंवा पुरात बुडालं तरी डेटा वाचतो एवढं तरी होतं. पण ते करताना रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट इंटरनेटला सताड उघडा ठेवला आणि पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे १२३, असं असेल तर रॅन्समवेअरवाल्यांना, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांना, आमंत्रणच. हा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात, तुमची संस्था लहान आहे की मोठी त्यांना घेणंदेणं नसतं. असं काही करायचंच असेल तर व्हीपीएन या बंदिस्त खाजगी जोडणीच्या आत, आणि लॉगिनला मोबाइलवर ओटीपी.

तर ही झाली जसंच्या तसं उचलून ठेवायची पद्धत, इंग्रजीत लिफ्ट अँड शिफ्ट. दुसरी म्हणजे थोडी डागडुजी करून नेणं, उदाहरणार्थ डीबीएफ काढून खाली पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरसारखा खरा डेटाबेस बसवायचा आणि वरचे स्क्रीन तेच ठेवायचे. तिसरी म्हणजे जुनं सोडून बाजारातलं तयार घेणं. चौथी म्हणजे नव्यानं लिहून घेणं. आणि पाचवी, जी कुणी विकत नाही म्हणून कुणी सांगत नाही, ती म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधले निम्मे भाग कुणी वापरतच नाही हे शोधून ते बंद करणं. वीस वर्षांत दीडशे रिपोर्ट साठलेले असतात, त्यातले महिन्याला खरोखर छापले जातात ते वीस-पंचवीस.

सरकारनं गावोगावच्या विकास सोसायट्यांसाठी तिसरा रस्ता धरला. जून २०२२ मध्ये केंद्रानं ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी, आणि सगळ्यांसाठी नाबार्डमार्फत एकच सामायिक क्लाउडवरचं सॉफ्टवेअर, राज्यागणिक थोडेफार बदल करता येतील असं. एवढ्या संख्येला प्रत्येकाचं वेगळं लिहून देणं शक्यच नव्हतं, ते बरोबरच आहे. पण सॉफ्टवेअर एकच असलं तरी प्रत्येक सोसायटीचा जुना हिशोब वेगळा, कुणाचा कागदावर, कुणाचा एक्सेलमध्ये, आणि तो त्यात भरायचा ते काम शेवटी सोसायटीच्या सचिवाच्याच डोक्यावर.

खरी मजा इथून पुढे आहे. लोकांना वाटतं की आपण सॉफ्टवेअर हलवतोय. सॉफ्टवेअर हलवणं त्यातल्या त्यात सोपं असतं हो. हलवायचे असतात ते नियम, जे वीस-पंचवीस वर्षं त्या कोडमध्ये मुरलेत आणि बाहेर कुठेही लिहिलेले नाहीत.

व्याजाचंच घ्या. बचत खात्यावर व्याज कसं काढता असं विचारलं तर मॅनेजर सांगतील चार टक्के. पण कशावर चार टक्के? पूर्वी बँकांमध्ये महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायचे, रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०१० पासून बँकांना रोजच्या शिल्लकेवर काढायला लावलं. पतसंस्थेतलं सॉफ्टवेअर त्याच्या आधीचं असेल तर त्यात जुनीच पद्धत असू शकते, किंवा अर्धवट बदललेली. वर्ष ३६५ दिवसांचं की ३६०? लीप वर्षात ३६६ धरता का? ठेव ठेवली तो दिवस मोजायचा की काढली तो? पन्नास पैशांच्या वर असेल तर रुपया करायचा, पण तो रोज करायचा, महिन्याला करायचा की शेवटी एकदाच? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये आहे आणि एकही चुकलं तर एका खात्यावर दोन-चार रुपये फरक येतो. दोन रुपये म्हणजे काहीच नाही असं प्रोग्रामरला वाटतं. पंधरा हजार खात्यांवर दोन-दोन रुपये म्हणजे तीस हजार, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा मेळ, जुळत नाही म्हटल्यावर अकाउंटंटला रात्री झोप लागत नाही.

आणि मग त्या खास ओळी असतात. कोड वाचत वाचत जाताना मधेच दिसतं की शाखा ३ असेल आणि कर्जप्रकार १७ असेल तर व्याज शून्य. का? कोणालाच माहीत नाही. नवीन कंपनीचा पोरगा म्हणतो ही चूक दिसतेय, काढून टाकतो. थांबायचं. ती चूक नसतेच बहुतेक. कधीतरी पुरात त्या शाखेतल्या सभासदांची कर्जं संचालक मंडळानं ठराव करून बिनव्याजी केली असतील, किंवा सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीला टाकलेल्या खात्यांवर वेगळी आकारणी चालू असेल, आणि तेव्हाच्या प्रोग्रामरनं मॅनेजरच्या एका फोनवर ती ओळ घुसवली असेल. हे सांगू शकणारा माणूस म्हणजे दहा वर्षांपूर्वी रिटायर झालेले सचिव, जे आता सकाळी मंदिराच्या पारावर पेपर वाचत बसतात. त्यांना गाडी पाठवून बोलवा, चहा पाजा, कोडची प्रिंट पुढ्यात ठेवून एकेक ओळ विचारा. कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा ते दोन दिवस जास्त कामाचे. सोर्स कोडच हरवला असेल तरी फॉक्सप्रोच्या बाबतीत हातपाय गाळायची गरज नाही, रीफॉक्ससारखी टूल चालत्या प्रोग्राममधून बराचसा कोड परत काढून देतात, फक्त सॉफ्टवेअरची मालकी कराराप्रमाणे कुणाकडे आहे ते आधी बघून घ्या.

नियम कळले की डेटा. इथे फॉक्सप्रोची एक गंमत सांगतो जी न माहीत असलेले लोक हमखास आपटतात. फॉक्सप्रोमध्ये एखादी नोंद डिलीट केली तरी ती जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला एक अक्षराची जागा असते, तिथे फक्त चांदणी उमटते, आणि सॉफ्टवेअर ती नोंद लपवतं. पॅक नावाची कमांड मारेपर्यंत ती फाइलमध्येच पडून राहते, आणि पॅक मारायला सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर पडावं लागतं म्हणून कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं मारलेलीच नसते. आता तुम्ही डीबीएफमधून डेटा काढणारं एखादं फुकटातलं टूल घेतलं आणि त्यानं ती चांदणी बघितलीच नाही, तर काय होईल? रद्द केलेल्या पावत्या परत येतात, बंद खाती उघडतात, वारलेले सभासद मतदार यादीत हजर. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक टेबलात एकूण नोंदी किती, चांदणीवाल्या किती, जिवंत किती हे तीन आकडे कागदावर घ्यायचे आणि नव्या डेटाबेसमध्ये पोचल्यावर तेच परत मोजायचे.

तसंच आकड्यांच्या रकान्यांचं. रुंदी आठ ठेवलेली, त्यात दोन दशांश आणि एक टिंब, म्हणजे ९९,९९९.९९ च्या वरची रक्कम पैशांसकट नीट बसत नाही, आणि फारच मोठी झाली तर तिथे नुसत्या चांदण्या भरलेल्या दिसतात. १९९६ ला एका खात्यात लाख रुपये कुणी ठेवेल असं वाटलं नसेल कुणाला. तारखांमध्ये वर्ष दोनच आकडी टाइप करायची सवय, त्यामुळे शतकाचा घोळ, कुणाची जन्मतारीख २०३२ तर कुणाच्या ठेवीची मुदत १९०१ ला संपलेली. असलं सगळं नवीन डेटाबेस घ्यायलाच नकार देतो, आणि देऊ दे, ते बरंच आहे, फक्त हे आधी तीन महिने कळायला पाहिजे, गो-लाइव्हच्या, म्हणजे नवीन चालू करायच्या, आदल्या रात्री नाही.

आणि आपली मराठी! हा विषय इंग्रजी लेखांमध्ये सापडणार नाही, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. डॉसच्या जमान्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवून मराठी दिसायची, तो डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये. नंतर विंडोज आल्यावर श्रीलिपी, आकृती वगैरे फॉन्ट आले. इस्कीवाला डेटा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या कोडमध्ये, न्यायला त्यातल्या त्यात सरळ, कारण त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असतात. फॉन्टवाल्यांमध्ये जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. "किरण" मधली पहिली वेलांटी क च्या डावीकडे दिसते म्हणून फाइलमध्येही ती आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उलटं, आधी क मग वेलांटी. रफाराचं तर त्याहून वाईट. "कर्ज" मध्ये रफार ज च्या डोक्यावर दिसतो म्हणून फॉन्टच्या डेटात क, ज, रफार असा क्रम, आणि युनिकोडला हवं क, मग र आणि हलन्त, मग ज. नुसतं या कोडच्या जागी तो कोड असं भाषांतर करणारी टूल वापरली की किरणच्या जागी वेलांटी हवेत लटकते आणि कर्जाचा रफार पुढच्याच शब्दावर जाऊन बसतो. आणि प्रत्येक फॉन्टचा कोडचा तक्ता वेगळा असू शकतो, म्हणजे कुठल्या शाखेनं कुठल्या वर्षी कुठला फॉन्ट वापरला ते शोधा आधी. माझा सल्ला असा की रूपांतर झाल्यावर आडनावांची अकारविल्हे यादी छापून शाखेतल्याच एका जुन्या क्लार्कला द्या आणि लाल पेन द्या. दुपारपर्यंत शंभर चुका काढून देतील, कारण त्यांना गावातली सगळी नावं तोंडपाठ असतात.

बरं, नियम कळले, डेटा स्वच्छ झाला, मग एका रात्रीत जुनं बंद आणि सकाळी नवीन चालू? इथे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची गोष्ट प्रत्येक संचालकानं ऐकावी. टीएसबी ही आधी लॉइड्सचा भाग होती, वेगळी झाल्यावरही कॉम्प्युटर लॉइड्सचेच भाड्यानं वापरायची. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेनं ती विकत घेतली आणि ठरवलं की सबादेलच्या सिस्टिमवर आधारलेल्या नव्या सिस्टिमवर जायचं. साधारण ५२ लाख ग्राहक. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सगळं हलवलं. ग्राहकांचा डेटा नीट पोचला होता हो, पण सिस्टिम कोसळली. एकोणीस लाखाच्या आसपास लोकांना खातं उघडता येईना, शाखा, फोन, ॲप सगळीकडे बोंब, काहींना तर दुसऱ्याच माणसाच्या खात्याची माहिती दिसायला लागली. पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. सव्वादोन लाख तक्रारी आल्या, बँकेचे सीईओ पॉल पेस्टर यांना सप्टेंबरमध्ये पायउतार व्हावं लागलं, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला. पुढच्याच वर्षी बँकेच्या आयटी प्रमुखांना व्यक्तिशः वेगळा दंड झाला. चौकशीत काय निघालं तर सगळं एकदम हलवायचा निर्णय, तारीख आधी ठरली आणि काम तिच्या मागे धावलं, आणि दोन डेटा सेंटर होती पण ताणाच्या चाचण्या एकावरच केल्या होत्या. दुसरं तसंच असणार असं धरून चाललं. तसं नव्हतं.

म्हणून शहाणे लोक हळूहळू जातात. मार्टिन फाउलर नावाचे सॉफ्टवेअरमधले एक मोठे जाणकार आहेत, त्यांनी २००४ मध्ये याला एक नाव दिलं, स्ट्रँगलर, म्हणजे गळा आवळणारा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलात त्यांनी वडाच्या जातीची झाडं बघितली होती. आपल्याकडेही दिसतं की, पक्ष्यानं टाकलेली वडाची बी दुसऱ्या झाडाच्या फांदीत रुजते, मुळं खाली सोडते, वर्षानुवर्षं दोन्ही झाडं एकत्र उभी असतात आणि शेवटी आतलं झाड वाळून जातं तेव्हा वड स्वतःच्या मुळांवर उभा असतो. सॉफ्टवेअरचं तसंच करायचं.

पतसंस्थेत याचा अर्थ काय? आधी असं काहीतरी बाहेर काढायचं जे फक्त वाचतं, लिहीत नाही. रोज रात्री डीबीएफची कॉपी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये टाका आणि सभासदाला मोबाइलवर शिल्लक बघता येईल असं करा, चेअरमनना थकबाकीचा रिपोर्ट घरबसल्या द्या. चुकलं तरी पैसे हलत नाहीत, आणि तोवर डेटातली सगळी घाण वर येते. मग पिग्मी, म्हणजे एजंट रोज फिरून गोळा करतो ती ठेव. तिथे असंही एजंटच्या मशीनमधून संध्याकाळी डेटा उतरवायचा असतो, ते काम आधी नवीन सिस्टिमवर न्यायचं आणि तिनं दिवसाची बेरीज जुन्याला द्यायची. मग मुदत ठेवी, मग बचत. कर्ज सगळ्यात शेवटी, कारण जामीनदार, हप्ते, थकव्याज, वसुली दाखले असा तिथे सगळ्यात जास्त गुंता. यातली अडचणही सांगायला हवी, मधल्या काळात दोन सिस्टिममध्ये मेळ ठेवायला एक पूल बांधावा लागतो, तो पूल लिहायला पैसे लागतात आणि शेवटी तो फेकून द्यायचा असतो. संचालक तिथे कुरकुरतात. करू द्या.

आणि प्रत्येक टप्प्याला समांतर चालवणं. निदान दोन महिने, त्यात एक तिमाहीअखेर आली पाहिजे, दोन्हीकडे एंट्री, आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडची किर्द आणि तेरीज समोरासमोर. स्टाफला दुप्पट काम, ते चिडणार, त्यांना जास्तीचे पैसे द्या किंवा एक जादा माणूस तात्पुरता घ्या, पण "क्लार्क जमवून घेतील" म्हणू नका. जमवून घेतात म्हणजे काय करतात तर महिनाअखेरीस एकदम नव्या सिस्टिममध्ये सगळं टाकतात आणि मग फरक शोधायचा कुठे?

तारीख कुठली निवडायची यावर माझं मत थोडं उफराटं आहे. सगळ्यांना १ एप्रिल आवडते कारण आरंभीच्या शिल्लका कोऱ्या मिळतात. पण ३१ मार्चला स्टाफ आधीच मेलेला असतो, वसुली, ताळेबंद, रात्री बारापर्यंत बसणं. त्यावर नवीन सॉफ्टवेअर म्हणजे अंगावर घेणं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला करा, गणपती यायच्या आत काय व्हायची ती आरडाओरड होऊन जाईल.

खर्चाचं थोडक्यात. पूर्वी सर्व्हर एकदा घेतला की पाच-सात वर्षं बघायला नको, आता दर महिन्याला बिल येणार आणि ते बदलतं असणार, हे बजेटमध्ये बसवायला ऑडिटरलाही जड जातं. चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतो हा सगळ्यात मोठा चोर. महिन्याचे तास ७२०, तुमचं काम दिवसाला दहा तास आणि सव्वीस दिवस, म्हणजे २६०. उरलेल्या वेळात बंद ठेवला तर त्या मशीनच्या भाड्यातले साठ टक्क्यांहून जास्त वाचतात, डिस्कचं भाडं तेवढं चालू राहतं. आणि इंटरनेट. एक फायबर आणि एक दुसऱ्या कंपनीचं सिमवालं राउटर, दोन्ही पाहिजेतच, जेसीबीनं केबल तोडली की शाखा बंद असं चालणार नाही.

प्रिंटरचा मात्र विचार कुणी करत नाही. पासबुक छापायला डॉट मॅट्रिक्सच लागतो, आणि जुनं सॉफ्टवेअर थेट प्रिंटरच्या भाषेत बोलायचं, इथे दोन ओळी सोड, इथे बारीक अक्षर कर. नवीन सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, त्याला प्रिंटर म्हणजे ए-फोर कागद एवढंच माहीत. पासबुकातली ओळ अर्धी वर सरकली की सभासद काउंटरवर भांडतो, आणि त्याच्या दृष्टीनं तुमचा अख्खा प्रोजेक्ट तिथेच फेल. गो-लाइव्हच्या आधी प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक प्रिंटरवर खरं पासबुक घालून बघा.

क्लाउडवर गेलो म्हणजे सुरक्षित झालो असंही नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं खबरदारी म्हणून तिला मुख्य जाळ्यापासून तोडलं, आणि देशातल्या तीनशेच्या आसपास लहान बँकांचे यूपीआय-एटीएम व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतः काही केलं नव्हतं. सामायिक प्लॅटफॉर्मवर हेच असतं, तुमच्यापेक्षा चांगली सुरक्षा मिळते पण पडली तर सगळ्यांची एकदम पडते. म्हणून बॅकअपची एक प्रत वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डनं, आणि वर्षातून दोनदा त्यातून खरोखर डेटा परत उभा करून बघणं. बॅकअप "घेतलेला आहे" हे वाक्य मी फार ऐकलंय, "उघडून बघितलाय" हे क्वचित.

करार करताना एक गोष्ट तेवढी अडून धरा. क्लाउडचं मुख्य खातं संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, ओटीपी संस्थेच्या मोबाइलवर. कंपनीला आत यायला वेगळं मर्यादित लॉगिन द्या. बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरवाला स्वतःच्याच खात्यात तुमचा सर्व्हर उघडतो, बिलही तोच भरतो आणि तुमच्याकडून घेतो, सोयीचं वाटतं, पण उद्या त्याच्याशी बिनसलं किंवा त्याचं दुकान बंद पडलं तर तुमच्या ठेवीदारांचा हिशोब दुसऱ्याच्या नावावर. सोडून जाताना डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल तेही लिहून घ्या.

आणि जुनं मशीन लगेच भंगारात घालू नका. वसुलीच्या केसेस वर्षानुवर्षं चालतात आणि कुठल्यातरी तारखेला २००८ चा उतारा मागितला जातो. सगळी टेबलं सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलीत काढून दोन ठिकाणी ठेवा, जुन्या फॉन्टच्या फाइल त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि ते मशीन नेटपासून तोडून कपाटात, वर्षातून एकदा चालू करून बघायला कुणाचं तरी नाव लावून.